सिमेंटच्या कोर्टवरचा अनभिषिक्त सम्राट : पांचो गोन्झालेस

लॉस एंजेलिसची पॅसिफिक साउथवेस्ट ही हार्ड कोर्टवरील नामांकित स्पर्धा १९७१ मध्ये त्रेचाळीस वर्षांच्या खेळाडूने जिंकली. अंतिम सामन्यात समोर होता एकोणीस वर्षांचा जिमी कॉनर्स. पहिला सेट ३-६ असा गमावूनही रिकार्डो अलोन्सो ऊर्फ पांचो गोन्झालेस यांनी पुढचे दोन्ही सेट ६-३, ६-३ असे घेतले. याच शहराने त्यांना पोरवयात स्पर्धांच्या दारातून परत पाठवले होते.

९ मे १९२८ रोजी मेक्सिकोतून आलेल्या एका कष्टकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी आईने ५१ सेंटची रॅकेट हाती दिली आणि एक्स्पोझिशन पार्कमधील सार्वजनिक सिमेंट कोर्टवर, कोणत्याही प्रशिक्षकाविना, मुलगा खेळ शिकला. शाळा बुडवतो म्हणून दक्षिण कॅलिफोर्नियातील टेनिसचे सर्वेसर्वा पेरी जोन्स यांनी त्यांना कुमार स्पर्धांतून वगळले. पॅसिफिक साउथवेस्टची सूत्रेही जोन्स यांच्याच हाती होती. नियम शाळेचा असला, तरी सुखवस्तू गोऱ्यांच्या त्या क्लबसंस्कृतीत या मुलाची बाजू घेणारे कोणी नव्हते. ‘पांचो’ हे नावही घरचे नव्हे. मेक्सिकन माणसाला हिणवण्यासाठी सरसकट वापरले जाणारे ते संबोधन त्यांना आयुष्यभर चिकटले.

नौदलातील नोकरीनंतर १९४७ मध्ये ते कोर्टवर परतले आणि १९४८ व १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेचे विजेते ठरले. दुसऱ्या विजेतेपदासाठी टेड श्रोडर यांच्याविरुद्ध १६-१८, २-६ असे दोन सेट गमावल्यावर त्यांनी सामना फिरवला. मग एकविसाव्या वर्षी ते व्यावसायिक झाले आणि त्या काळच्या नियमानुसार विम्बल्डन, फॉरेस्ट हिल्स यांचे दरवाजे बंद झाले. जॅक क्रेमर यांच्याविरुद्धच्या पहिल्याच दौऱ्यात ९६ पराभव आणि २७ विजय पदरी आले. पुढची काही वर्षे त्यांना कोणी विचारत नव्हते.

पुनरागमन मात्र जबरदस्त होते. १९५६ च्या दौऱ्यात त्यांनी टोनी ट्रॅबर्ट यांना ७४-२७ असे निष्प्रभ केले. पण करारामुळे हरणाऱ्याचे मानधन जिंकणाऱ्याच्या कित्येक पट होते. आयोजक होते तेच क्रेमर. गोन्झालेस यांच्या तापट स्वभावाचे किस्से खूप सांगितले जातात. हा हिशेब त्यांत क्वचितच येतो. अमेरिकन व्यावसायिक अजिंक्यपद त्यांनी आठ वेळा मिळवले.

१९६८ मध्ये टेनिस सर्वांसाठी खुले झाले, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. पुढच्या वर्षी विम्बल्डनच्या पहिल्या फेरीत चार्ली पासारेल यांच्याशी दोन दिवसांत मिळून पाच तास बारा मिनिटे झुंज झाली. २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९. सात मॅच पॉइंट त्यांनी वाचवले. अशा अंतहीन सेटना आवर घालणारा टायब्रेक त्यानंतर लवकरच मोठ्या स्पर्धांत आला.

संसाराच्या बाबतीत त्यांना स्वस्थता लाभली नाही. सहा विवाह झाले. अखेरची पत्नी रिटा ही आंद्रे आगासी यांची बहीण. ३ जुलै १९९५ रोजी, विम्बल्डन सुरू असतानाच, लास वेगासमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. हाती पैसा उरला नव्हता. अंत्यविधीचा खर्च आगासी यांनी केला.