कसोटीचा मान

आपल्या परसातील प्रत्येक मुळीत एखादे रामबाण औषध दडलेले आहे, असे अभिमानाने सांगणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. आणि हा सारा आजीबाईचा बटवा आहे, असे म्हणून नाक मुरडणारेही कमी नाहीत. या दोन्ही पंथांत एक साम्य आहे. मुळी कुटून, तिचा अर्क काढून, तीत नेमके काय आहे हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत. ती तसदी ज्यांनी जन्मभर घेतली, त्या डॉ. असीमा चटर्जी यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

असीमादेवींचा जन्म 23 सप्टेंबर 1917 रोजी कलकत्त्यास झाला. वडील इंद्रनारायण मुखर्जी हे व्यवसायाने डॉक्टर. पण वनस्पतींचा नाद त्यांना फार, आणि तोच वारसा मुलीकडे आला. स्कॉटिश चर्च कॉलेजातून 1936 साली रसायनशास्त्रात ऑनर्स मिळवून त्यांनी 1938 मध्ये एम.एस्सी. केले. 1940 साली लेडी ब्रेबोर्न कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले. 1944 मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डी.एस्सी. दिली. भारतीय विद्यापीठाची ही पदवी मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत.

त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचे मोल कळण्यास सर्पगंधेची कथा ध्यानी घेतली पाहिजे. ही मुळी वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. रक्तदाबावरील तिच्या गुणांविषयी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने जगाचे लक्ष वेधले. परंतु तिच्यातील रिसर्पिन हे प्रभावी द्रव्य 1952 साली वेगळे झाले ते स्वित्झर्लंडमध्ये. मुळी आमची, पण तिचे मर्म परक्यांच्या हाती! ही उणीव भरून काढण्याचा उद्योग असीमादेवींनी त्यापूर्वीच आरंभिला होता. सर्पगंधेच्या सख्ख्या बहिणीसारख्या राउवोल्फिया कॅनेसन्स या वनस्पतीतून राउवोल्सिन हे अल्कलॉइड त्यांनी वेगळे केले. मुळ्या वाळवून पूड करावयाची, ती द्रावकात भिजवावयाची, अर्क आटवून त्यातून द्रव्य निवळावयाचे, आणि स्फटिक हाती आले म्हणजे रेणूची रचना तुकड्यातुकड्याने ओळखावयाची, असे हे चिकाटीचे काम असते.

1945 साली रसायनशास्त्रज्ञ बरदानंद चटर्जी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 1947 मध्ये तान्ह्या मुलीस बरोबर घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. विस्कॉन्सिन व कॅलिफोर्निया येथे आणि पुढे झुरिच येथे नोबेल पारितोषिकाचे मानकरी पाउल कारर यांच्याजवळ काम करून 1950 साली परतल्या. 1954 पासून त्या कलकत्ता विद्यापीठात प्रपाठक होत्या आणि 1962 पासून 1982 पर्यंत खैरा प्राध्यापकपदावर. त्या काळच्या प्रयोगशाळांची गरिबी काय सांगावी? उपकरणे तुटपुंजी, रसायनांची चणचण, आणि नमुन्यांचे पृथक्करण परदेशातून करून आणावयाचे. तशातच 1967 साली वडील आणि पती हे दोघेही थोड्या महिन्यांच्या अंतराने निवर्तले. त्या आघातातून सावरून त्या पुन्हा प्रयोगशाळेत परतल्या.

1961 सालचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. 1975 साली त्यांना पद्मभूषण मिळाले आणि त्याच वर्षी भारतीय विज्ञान काँग्रेसचे अध्यक्षपदही लाभले. ही संस्था 1914 पासून अधिवेशने भरवीत होती. अध्यक्षपदी स्त्री बसावयास साठ वर्षे उलटावी लागली, ही गोष्ट असीमादेवींना जितकी भूषणावह, तितकीच विद्वानांच्या त्या मेळाव्याला अंतर्मुख करणारी होती. पुढे 1982 ते 1990 त्या राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होत्या. 22 नोव्हेंबर 2006 रोजी त्यांचे निधन झाले.

सुनिषण्णक व जटामांसी यांपासून सिद्ध केलेले आयुष-56 हे अपस्मारावरील औषध त्यांच्या नावाशी निगडित आहे. सातवीण, कुटकी, किराईत, सागरगोटा या आपल्या परिचयाच्या वनस्पतींतून हिवतापावर उतारा शोधण्याच्या कामीही त्यांचा हातभार लागला. सत्येशचंद्र पाक्राशी यांच्यासमवेत त्यांनी सिद्ध केलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील बहुखंडी ग्रंथ अभ्यासकांना उपयोगी पडत आला आहे.

अलीकडे त्यांची स्तुती करताना कर्करोगावरील सदाफुलीची औषधेही त्यांच्या नावावर मांडली जातात. हे यथार्थ नव्हे. त्या वर्गातील अल्कलॉइडांचा अभ्यास त्यांनी केला हे खरे. तथापि ती औषधे कॅनडा व अमेरिका येथील प्रयोगशाळांत हाती आली. जिने प्रत्येक पाळेमूळ पारखून घेतले, तिचा गौरवही पारखूनच केला पाहिजे. तिच्या खऱ्या कामगिरीस उसन्या अलंकारांची गरज नाही.

काही वर्षे शाळेत शिकविल्यामुळे आम्हांस इतके ठाऊक आहे की, प्रयोगशाळेची किल्ली मुलांच्या हाती पडत नाही तोवर विज्ञान हा पाठांतराचाच विषय राहतो. मुलींच्या बाबतीत तर ही किल्ली अधिकच उशिरा हाती पडते. असीमादेवींना ती वेळेवर मिळाली. जिला ती मिळाली नाही, अशा मुलींची गणती कोणी ठेवली आहे? पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान अवश्य बाळगावा; पण तो मिरविण्यापूर्वी कसोटीस लावणाऱ्या मुलामुलींना जागा, साधने आणि अवसर देणे, हे पालकांचे व संस्थाचालकांचे कर्तव्य आहे. ते पार पाडले, तरच असीमादेवींचे स्मरण सार्थ होईल.