दोन घाटांमधले मुरबाड आणि नाना शंकरशेट

मुरबाडला आगगाडी अजून पोचलेली नाही. कल्याणला उतरायचे, एसटी धरायची आणि साधारण तीस किलोमीटर रस्त्याने जायचे, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. हिंदुस्थानात रूळ पडावेत म्हणून ज्यांनी आपला पैसा, पत आणि उमेदीची वर्षे खर्ची घातली, ते नाना शंकरशेट याच मुरबाडचे. शाळेच्या पुस्तकात हे सगळ्यांनी वाचलेले असते. पण नाना म्हटले की आपण आगगाडीपाशीच थांबतो. फार तर कुणाला संस्कृतची शिष्यवृत्ती आठवते.

मला त्यांच्या चरित्रात दुसरीच गोष्ट मोठी वाटते. वैद्यकाचे कॉलेज, नाटकगृह, चित्रकलेची शाळा, वस्तुसंग्रहालय, आगबोट आणि आगगाडी या गोष्टी आपण आज वेगवेगळ्या खात्यांत टाकतो. नानांनी त्या एकाच वहीत मांडल्या होत्या. ज्या घरात माणूस आजारी पडतो, त्याच घरातला मुलगा चित्र काढतो आणि त्याच घराला गावी जायला गाडी लागते, एवढे साधे गणित त्यामागे असावे, असे मला वाटते.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३चा. घराणे दैवज्ञ ब्राह्मणांचे, मूळचे मुरबाडकडचे आणि मुंबईच्या व्यापारात गडगंज झालेले. वडील १८२२मध्ये वारले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या लहान वयात एवढी पेढी हाती आली की ती उधळायला वेळ लागत नाही. नानांनी ती सांभाळली, इतकेच नव्हे तर तिची पत वाढवली. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपला ऐवज बँकांऐवजी नानांकडे ठेवत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली, म्हणून या गोष्टीचे मोल मला थोडे अधिक कळते. ठेव ठेवणारा माणूस व्याजाचा दर नंतर विचारतो, आधी समोरच्याचा चेहरा वाचतो. असा विश्वास कमावलेला माणूस पुढे सार्वजनिक कामाची वर्गणी मागायला उभा राहिला, तेव्हा लोकांच्या थैल्या का सुटल्या याचे उत्तर इथे आहे.

वडील गेले त्याच साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी मंडळी एकत्र आली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन तेव्हा गव्हर्नर होते. या कामात नाना ओढले गेले ते कायमचे. १८४०मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले. त्यात आलेल्या एतद्देशीय सभासदांत नाना होते आणि पुढे बरीच वर्षे राहिले. तिथे एक मोठा वाद झाला. शिक्षण इंग्रजीतून द्यायचे की लोकांच्या भाषेतून? इंग्रजीचा पक्ष जबरदस्त होता. नाना स्वतः इंग्रजी उत्तम जाणणारे, इंग्रजांत बसणारे-उठणारे. तरी ते देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. थोड्यांना इंग्रजी शिकवून ज्ञान खाली झिरपेल, हा हिशेब त्यांना पटणारा नव्हता.

वैद्यकात हा प्रश्न पुस्तकी नव्हता. मुंबईत १८२६मध्ये एतद्देशीयांसाठी वैद्यकाची एक शाळा निघाली होती. तिथे देशी भाषांतून, पुस्तकांची भाषांतरे करून शिकवत. ती १८३२मध्ये बंद पडली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांनी वैद्यकाच्या कॉलेजचा विचार मांडला, पण १८३८मध्ये ते वारले. त्यांच्या स्मरणार्थ निधी उभारून कॉलेज काढण्याच्या खटपटीत नाना पुढे होते. १८४५मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले आणि शेजारी जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. तेच आपले जे. जे. शिकवायची भाषा मात्र इंग्रजी ठरली. औषधाची बाटली दारात आली आणि तिच्यावरची अक्षरे परकी राहिली, ती आजतागायत.

त्या काळी मुलाला या कॉलेजात घालणे सोपे नव्हते. प्रेताला हात लावायचा, ते फाडायचे, आणि घरी येऊन पंक्तीला बसायचे! समाजात मान असलेल्या माणसाने पाठीशी उभे राहिल्याशिवाय असली कामे होत नाहीत. नाना धर्माचरणी होते, देवपूजा सोडलेली नव्हती. म्हणूनच त्यांचा पाठिंबा उपयोगी पडला.

या कॉलेजातून १८५१मध्ये पदवी घेऊन जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या मांद्र्याहून आलेला हा गरीब घरचा मुलगा डॉक्टर झाला आणि संस्कृत वैद्यकग्रंथ उघडून बसला. कडू कवठीच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग्यांवर उपचार करून पाहू लागला. गरिबांना फुकट औषध देऊ लागला. हेच डॉक्टर जुने शिलालेख वाचत आणि नव्याने आलेल्या छायाचित्रणाच्या कलेतही रमत. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४मध्ये निघाली. भाऊ दाजी आणि त्यांचे डॉक्टर बंधू नारायण दाजी, दोघेही तिच्यात होते. नाडी पाहणारी बोटे कॅमेऱ्याची काचही धरीत. त्यात त्यांना काही विसंगत वाटले नाही आणि वयाने वीस वर्षे मोठ्या नानांनाही नाही. १८५२मध्ये बाँबे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तेव्हा नाना आणि भाऊ दाजी तिच्यात एकत्र होते.

नाटकाचेही तसेच. ग्रँट रोडला नाटकगृह हवे म्हणून १८४०च्या दशकात नानांनी आपली जमीन दिली. सुरुवातीला तिथे इंग्रजी नाटके होत. १८५३मध्ये सांगलीचे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन मुंबईला आले आणि मराठी नाटक त्या रंगमंचावर उभे राहिले. त्यांना आधार देणाऱ्यांत नाना आणि भाऊ दाजी ही जोडी होतीच.

आणि साल पाहा, १८५३! त्याच वर्षीच्या १६ एप्रिलला दुपारी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, तीन इंजिने आणि तोफांची सलामी. अंतर चौतीस किलोमीटर. त्यामागे नानांची आठ वर्षांची खटपट होती. १८४५मध्ये त्यांनी आणि जमशेटजींनी रेल्वेसाठी संस्था उभी केली होती. पुढे ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या कामात मिळून गेली आणि कंपनीच्या सुरुवातीच्या हिंदी संचालकांत नाना आले. लोखंडी रस्त्यावर वाफेचा राक्षस धावणार म्हणून लोक घाबरत होते. अशा वेळी घराघरांतून ओळखीचा असलेला माणूस गाडीत बसतो, याचा उपयोग जाहिरातीपेक्षा जास्त होतो.

१८५७मध्ये जमशेटजींच्या लाखाच्या देणगीतून चित्रकलेची शाळा सुरू झाली, तीही आपण जे. जे.च म्हणतो. तिच्याही कामात नाना होते. मात्र त्याच वर्षी बंडात हात असल्याचा संशय सरकारने त्यांच्यावर घेतला. पुरावा मिळाला नाही, ते सुटले. ज्यांच्या मांडीला मांडी लावून तीस वर्षे कामे केली, त्यांनीच असा संशय घ्यावा, याने दुसरा कुणी घरी बसला असता. नानांनी कामे टाकली नाहीत. १८६२मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळावर गेले. त्याच वर्षी भायखळ्याच्या बागेत वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी झाली. तिथेही नाना आणि भाऊ दाजी होते.

म्हणून नाना सरकारच्या प्रत्येक सुधारणेला मान डोलावणारे होते असे मात्र नाही. सोनापूरची स्मशानभूमी आरोग्याच्या नावाखाली शिवडीकडे हलवण्याचे घाटत होते. गिरगावातल्या गरिबाने प्रेत खांद्यावर घेऊन तेवढे अंतर चालायचे कसे? नानांनी तो बेत हाणून पाडला. आरोग्य हवे, पण त्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर पडते तेही पाहिले पाहिजे, हा विचार आजच्याही योजनांना लावून पाहण्यासारखा आहे.

३१ जुलै १८६५ला नाना गेले. संग्रहालय १८७२मध्ये उघडले, ते त्यांना पाहता आले नाही. १९७५पासून त्याला भाऊ दाजींचे नाव आहे. बोरीबंदरला आजचे भव्य स्थानक १८८०च्या दशकात उभे राहिले. त्यावरची पाने, पक्षी, माकडे, मोर कोरण्यात चित्रशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात होते. रेल्वेच्या इमारतीवर कला शाळेची कलाकुसर! नानांच्या वहीतली दोन खाती अशी एका भिंतीवर आली.

आता पुन्हा आपल्या ठाणे जिल्ह्याच्या आतल्या भागात येऊ. कल्याणपुढे रूळ दुभंगतात. एक फाटा शहापूर तालुक्यातून थळ घाटाकडे चढतो, दुसरा कर्जतवरून बोरघाटाकडे. शहापूरच्या वाशिंदला गाडी १८५५मध्ये आली, कसाऱ्याला १८६१मध्ये. या दोन फाट्यांच्या मध्ये मुरबाड राहिले. सुरुवातीच्या आराखड्यांत माळशेज घाटाचाही विचार झाला होता. तो मार्ग ठरता तर रूळ मुरबाडवरूनच गेले असते. सातवाहनांच्या काळी कल्याण बंदराचा माल याच बाजूने नाणेघाट चढून जुन्नरला जात होता. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हमरस्त्यावरचा हा मुलूख आगगाडीच्या युगात आडबाजूला पडला.

नोकरीच्या निमित्ताने मी या दोन्ही तालुक्यांत हिंडलो आहे. कर्जाच्या अर्जावर बैलजोडी लिहिलेली असे, विहीर लिहिलेली असे. पण बोलता बोलता खरे कारण बाहेर यायचे, ते बहुधा घरातल्या आजाऱ्याचे. शहापूरकडचा माणूस आसनगावला किंवा खर्डीला गाडीत बसायचा आणि भायखळ्याला उतरायचा. तिथून जे. जे. जवळ. पेशंट दाखवून झाला की बरोबर आलेल्या पोरांना राणीची बाग आणि संग्रहालय दाखवायचे, मग संध्याकाळची कसारा गाडी. आगगाडी, दवाखाना आणि चित्रे-मूर्ती एका दिवसात, एका तिकिटावर! त्या माणसाच्या तोंडी नानांचे नाव नसे, पण त्याचा तो सगळा दिवस नानांच्या पिढीने आखून ठेवलेला होता.

मुरबाडकडच्या माणसाचा दिवस मात्र एसटीच्या वेळापत्रकावर आखलेला. आतल्या पाड्यावरून आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालायचे, मग मुरबाड, मग कल्याण, आणि तिथून पुढे त्याची आगगाडी सुरू. पावसाळ्यात पहिला टप्पाच सर्वांत लांब असतो. अडलेल्या बाईला डोलीतून न्यावे लागल्याच्या बातम्या या डोंगरी भागातून अजूनही येतात. शहापूरचेही सगळे भागले असे नाही. तानसाचे पाणी १८९२पासून मुंबईला जाते, भातसाचेही जाते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्याचे पाडे टँकरची वाट पाहतात. रूळ जवळून गेले, नळ जवळून गेले; दारात थांबले नाहीत.

मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकाला नानांचे नाव देण्याचा निर्णय घेतला. चांगलेच आहे. एशियाटिकच्या इमारतीत त्यांचा पुतळा आहे, गिरगावाजवळ त्यांच्या नावाचा चौक आहे, दरवर्षी संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलाला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळते. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणीही कितीतरी वर्षांची आहे आणि तिची घोषणाही झालेली आहे. नाना असते तर ते घोषणेवर थांबले नसते. त्यांनी वर्गणीची यादी केली असती, बैठक बोलावली असती, विरोध करणाऱ्याच्या घरी स्वतः गेले असते, आणि आठ वर्षे लागली तरी सोडले नसते. गाडीबरोबर त्यांनी एक चांगला दवाखानाही मागितला असता आणि शाळेत चित्रकलेचा शिक्षक आहे की नाही तेही विचारले असते. मुरबाडच्या माणसाला तिन्ही लागतात.