डॉ. विल्यम केरी आणि त्यांचे निवडक ग्रंथ

आपल्या शाळेतून बाहेर पडणारा एखादा विद्यार्थी पुढे ईश्वरज्ञानशास्त्राच्या अभ्यासाकडे वळला, म्हणजे त्याच्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती ग्रंथांच्या निवडीची. एकट्या बाप्तिस्त मंडळ्यांतील पंडितांनीच या शास्त्रावर इतके जाडजाड ग्रंथ लिहून ठेवले आहेत की, कोणता हाती घ्यावा व कोणता फळीवर राहू द्यावा, हे नवख्यास उमगत नाही. अशा वेळी डॉ. विल्यम केरी यांचे चरित्र फार उपयोगी पडते.

केरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टन परगण्यात, पॉलर्सपरी या खेड्यात झाला. त्यांचे वडील एडमंड प्रथम विणकर होते व पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. सोलापुरात मागांच्या खटखटीत वाढलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस हे घर परके वाटणार नाही. विल्यम जोडे शिवण्याच्या धंद्यास लागला. मालकाच्या दुकानात नव्या करारावरील एक टीकाग्रंथ होता व त्यात मधूनमधून ग्रीक शब्द येत. ते त्यास वाचता येईनात. म्हणून तो ती अक्षरे कागदावर उतरून घेई आणि गावी गेला म्हणजे टॉमस जोन्स नावाच्या, ग्रीक जाणणाऱ्या एका विणकराकडून त्यांचा उलगडा करून घेई. न समजलेला शब्द तसाच टाकून पुढे जावयाचे नाही, ही सवय त्यास तेव्हापासून लागली.

त्या काळी त्या प्रांतात धर्ममतांचा मोठा गलबला होता. केरी इंग्लंडच्या राजमान्य मंडळीत वाढलेले. दुकानातील सोबती निराळ्या पंथाचा. आणि शेजारच्या गावी गूढवादी मताचे लोक. त्यांपैकी एकाशी वाद झाला असता केरी यांस उत्तर सुचेना व मन अस्वस्थ झाले. मग कोणा एका पक्षाचा कैवार न घेता त्यांनी पवित्र शास्त्र उघडले आणि एकेक वचन ताडून पाहत आपल्यापुरती सिद्धांतांची मांडणी करण्यास आरंभ केला. या खटपटीत असतानाच एका स्नेह्याने त्यांस रॉबर्ट हॉल यांचे एक लहानसे पुस्तक भेट दिले. हॉल हे आर्न्सबी येथील बाप्तिस्त पाळक. यशया ५७:१४ या वचनावर त्यांनी १७७९ साली दिलेला उपदेश वाढवून १७८१ साली हे पुस्तक छापले होते. श्रद्धेच्या वाटेवरील अडखळणे दूर करावी, हा त्याचा हेतू. आपण तुकड्यातुकड्यांनी जे वेचीत होतो, ते येथे एकत्र बांधलेले आहे, असे केरी यांस आढळले. त्यांनी पानांच्या कडेस सारांश लिहीत ते वाचून काढले. ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नेन नदीत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

तथापि बाप्तिस्त मंडळ्यांत त्या वेळी सर्वांत मोठा मान होता तो डॉ. जॉन गिल यांच्या ग्रंथांस. गिल हे इब्री भाषेचे गाढे पंडित. १७६९-७० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा सिद्धांतग्रंथ हा त्या परंपरेतील पहिला सांगोपांग ग्रंथ होय. परंतु त्यांच्या वाचकांपैकी कित्येकांनी असा अर्थ काढला की, तारण हे सर्वस्वी देवाच्या हाती असल्यामुळे अविश्वासी मनुष्यास विश्वास ठेवण्याचे आवाहन करण्याचे कारण नाही. या मताच्या छायेत वाढलेले अँड्र्यू फुलर यांनी १७८५ साली त्याचे खंडन केले. देवाची कृपा आणि मनुष्याचे कर्तव्य ही एकमेकांस छेदीत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन होते. केरी यांनी फुलरचा ग्रंथ मनात मुरविला व त्यातून निघणारे अनुमान धीटपणे पुढे मांडले: विश्वास ठेवणे हे सर्वांचे कर्तव्य असेल, तर सुवार्ता सर्वांस कळविणे हे मंडळीचे कर्तव्य ठरते. याच विषयावर त्यांनी १७९२ साली देशोदेशींच्या लोकसंख्येच्या तक्त्यांसह एक निबंध छापला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग येथे बाप्तिस्त मिशनरी सोसायटी स्थापन झाली. पहिली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग, सहा पेन्स. चिटणीस झाले ते फुलरच!

१७९३ च्या नोव्हेंबरात केरी सहकुटुंब कलकत्त्यास पोहोचले. आता ग्रंथांतील मताची परीक्षा झाली. पाच वर्षांचा पीटर वारला. त्या कष्टांचा सर्वांत जड भार डोरोथीबाईंवर पडून त्यांचे चित्त कायमचे बिघडले. सात वर्षे एकाही बंगाली मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नाही. पहिला, कृष्ण पाल यांचा, १८०० च्या डिसेंबरअखेर झाला. फळ देणे देवाकडे आणि पेरणे आपल्याकडे, ही शिकवण ज्याच्या हाडीमांसी खिळली नव्हती, त्याने इतक्या अवधीत परतीचे जहाज धरले असते.

मराठी वाचकांवर तर केरी यांचे ऋणच आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवीत असता वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण व १८१० साली कोश सिद्ध केला. १८११ साली श्रीरामपुरास मराठी नवा करार छापला गेला. ११ मार्च १८१२ च्या आगीत छापखाना व हस्तलिखिते जळाली, तरी त्यांनी काम पुन्हा पहिल्यापासून आरंभिले. १८१८ साली उघडलेले श्रीरामपूर कॉलेज त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांस खुले ठेविले. ९ जून १८३४ रोजी त्यांचा अंत झाला.

गिल यांच्यानंतर या परंपरेत बॉइस (१८८७), स्ट्राँग (१८८६) असे मोठे ग्रंथकार झाले, व ते अभ्यासण्याजोगे आहेत. सोलापुरास अमेरिकन मराठी मिशनने जे काम उभारले ते बाप्तिस्त पंथाचे नव्हे. पण उत्तम ग्रंथास पंथाची वेस नसते. मात्र विद्यार्थिमित्रहो, ग्रंथ उचलण्यापूर्वी केरी यांची रीत ध्यानी धरा. मूळ शास्त्र आधी वाचा आणि आपला प्रश्न आधी ओळखा; मग त्या प्रश्नास भिडणारे एक लहान पुस्तक कडेस टिपणे करीत संपवा. थोर ग्रंथकाराचा मान राखा, पण त्याच्या नावावर अनुयायी जे खपवितात ते पारखून घ्या. आणि जो ग्रंथ वाचून शेजाऱ्याविषयीचे आपले कर्तव्य वाढल्याऐवजी कमी झालेसे वाटेल, तो मिटून पुन्हा एकदा शास्त्राशी ताडून पाहा.