विश्लेषण : ऑस्ट्रेलियातील सोने नेमके कोणी शोधले? हारग्रेव्हज यांचे श्रेय ४० वर्षे वादात का राहिले?

सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन माळरान पालथे घालणारे हौशी सुवर्णशोधक ऑस्ट्रेलियात आजही दिसतात. या छंदाची मुळे १८५१ मधील ‘गोल्ड रश’मध्ये आहेत आणि त्याचे श्रेय दीर्घकाळ एडवर्ड हॅमंड हारग्रेव्हज यांना दिले गेले. मात्र परवडेल इतके सोने पहिल्यांदा त्यांच्या हाती लागलेच नव्हते. मग बक्षीस त्यांना कसे मिळाले, याविषयी…

हारग्रेव्हज कोण होते?

हारग्रेव्हज यांचा जन्म १८१६ मध्ये इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे झाला. १८३२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते ऑस्ट्रेलियात पोहोचले. तेथे त्यांनी अनेक उद्योग करून पाहिले, पण कशातच जम बसला नाही. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडल्याची बातमी जगभर पसरली आणि पुढच्याच वर्षी हारग्रेव्हज यांनी अमेरिकेची वाट धरली.

कॅलिफोर्नियात त्यांना काय मिळाले?

सोने फारसे मिळाले नाही, पण ते मिळवण्याची रीत कळली. सोने वाळूच्या तुलनेत सुमारे सातपट जड असते. नदीतील रेती पसरट भांड्यात घेऊन पाण्यात गोल फिरवली की हलकी माती वाहून जाते आणि सोन्याचे कण तळाशी राहतात. आपल्याकडे सराफ बाजारातील धूळमाती धुऊन सोने वेगळे करणारे झारेकरी याच तत्त्वावर काम करतात. जास्त रेती धुण्यासाठी कॅलिफोर्नियात लाकडी ‘पाळणा’ वापरत. त्यात वरून रेती आणि पाणी टाकून तो हलवायचा, तळाच्या आडव्या पट्ट्यांपाशी सोने अडकते. तेथील डोंगर आणि ओढे पाहून हारग्रेव्हज यांना न्यू साऊथ वेल्समधील ब्लू माउंटन्सपलीकडचा मुलूख आठवला. तेथेही सोने असणार, अशी त्यांची खात्री पटली आणि जानेवारी १८५१ मध्ये ते सिडनीला परतले.

ऑस्ट्रेलियात सोने आहे हे आधी माहीत नव्हते का?

माहीत होते. जेम्स मॅकब्रायन या भूमापकाने १८२३ मध्ये बॅथर्स्ट परिसरात सोन्याचे कण नोंदवले होते. धर्मोपदेशक आणि भूगर्भतज्ज्ञ डब्ल्यू. बी. क्लार्क यांनाही १८४१ मध्ये सोने आढळले होते. पण वसाहतीत कैद्यांची संख्या मोठी होती. सोन्याचा गवगवा झाला तर शिस्त कोलमडेल, या भीतीने सरकारने विषय वाढू दिला नाही. पुढे कॅलिफोर्नियाकडे माणसांचा ओघ सुरू झाल्यावर सरकारचे धोरण बदलले.

१२ फेब्रुवारी १८५१ रोजी काय घडले?

हारग्रेव्हज घोड्यावरून ग्युयाँग येथे पोहोचले. तेथील खाणावळवजा सरायीच्या मालकिणीचा तरुण मुलगा जॉन लिस्टर वाटाड्या म्हणून बरोबर निघाला. लुईस पाँड्स क्रीक या ओढ्यावर हारग्रेव्हज यांनी पाच भांडी रेती धुतली. त्यापैकी चारांत सोन्याचे कण दिसले. त्या क्षणी त्यांना स्वतःसाठी सरदारकी आणि आपल्या घोड्यासाठी संग्रहालयातील काचेची पेटी दिसू लागली होती, हे त्यांच्याच पुस्तकातून कळते. प्रत्यक्षात ते कण इतके बारीक होते की त्यावर दिवसाची मजुरीही सुटली नसती.

मग भरपूर सोने कोणाला सापडले?

हारग्रेव्हज यांनी लिस्टर आणि शेजारच्या वस्तीवरील विल्यम व जेम्स टॉम या भावांना रेती धुण्याची रीत आणि पाळण्याची रचना शिकवली. नंतर ते सिडनीला गेले. विल्यम टॉम यांनी पाळणा तयार केला. एप्रिलमध्ये लिस्टर आणि टॉम यांना सुमारे ४ औंस, म्हणजे साडेदहा तोळ्यांच्या आसपास सोने मिळाले. त्या जागेला बायबलमधील सुवर्णभूमीवरून ओफिर हे नाव पडले. आपण भागीदार आहोत आणि जागा गुप्त राहील, असे या तिघांचे म्हणणे होते. हारग्रेव्हज यांनी मात्र सरकारकडे बक्षिसाचा दावा केला आणि जागा जाहीर केली. मे महिन्यात बातमी वृत्तपत्रांत झळकली आणि काही दिवसांत शेकडो लोक ओफिरला धडकले. सरकारने महिना ३० शिलिंग परवाना शुल्क लावले. त्याच वर्षी व्हिक्टोरियात बॅलरॅट आणि बेंडिगो येथेही सोने सापडले. १८५१ मध्ये सुमारे ४.३ लाख असलेली वसाहतींची लोकसंख्या १८७१ पर्यंत १७ लाखांच्या घरात गेली. मूळच्या विराजुरी लोकांचा तो मुलूख मात्र त्यांच्या हातून आणखी निसटला.

बक्षीस आणि निकाल काय?

हारग्रेव्हज यांना न्यू साऊथ वेल्स सरकारने १०,००० पौंड दिले. व्हिक्टोरियाने ५,००० पौंड मंजूर केले, मात्र त्यातील २,३८१ पौंडच हाती पडले. १८५४ मध्ये इंग्लंडभेटीत राणी व्हिक्टोरियांसमोर त्यांना सादर करण्यात आले. पैसा टिकला नाही. १८७७ पासून त्यांना वर्षाला २५० पौंड निवृत्तिवेतन मिळू लागले. लिस्टर आणि टॉम बंधूंचा लढा मात्र सुरूच होता. परवडेल इतके सोने पहिल्यांदा या तिघांनीच शोधले, असा निष्कर्ष अखेर संसदीय समितीने काढला. लिस्टर यांचे १८९० मध्येच निधन झाले होते. हारग्रेव्हज ऑक्टोबर १८९१ मध्ये सिडनीत वारले.

आजचे हौशी शोधक काय वापरतात?

परात आजही लागते, कारण सोन्याची भुकटी डिटेक्टरला सहसा कळत नाही. डिटेक्टर शोधतो ते गोटे. १९८० मध्ये व्हिक्टोरियातील किंगॉवरजवळ सुमारे २७ किलोचा ‘हँड ऑफ फेथ’ डिटेक्टरनेच सापडला. यंत्र निवडताना किमतीआधी जमीन पाहावी लागते. ‘व्हीएलएफ’ प्रकारची यंत्रे तुलनेने स्वस्त असतात आणि उथळ भागातील लहान कण चांगले पकडतात, पण लोहयुक्त तांबड्या मातीत उगाच वाजत राहतात. ‘पल्स इंडक्शन’ यंत्रे अशा मातीत खोलवर चालतात, मात्र ती महाग असतात आणि खिळा व सोने यांत नीट फरक करत नाहीत. लहान कॉइल बारीक सोन्यासाठी, मोठी कॉइल खोलीसाठी. व्हिक्टोरियात त्यासाठी ‘मायनर्स राइट’ हा १० वर्षांचा परवाना घ्यावा लागतो आणि खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते.

या कहाणीतून काय दिसते?

हारग्रेव्हज यांच्याकडे रीत होती, लिस्टर यांच्याकडे वाटांची माहिती आणि टॉम बंधूंकडे मेहनत. यांपैकी एकही नसते तर ओफिर तेव्हा उजेडात आले नसते. पण वाटणीचा कागद कोणीच केला नव्हता. त्यामुळे जो आधी सिडनीला पोहोचला, त्याचे नाव राहिले. आजही दोघे-तिघे मिळून शोधाला निघणार असतील, तर सापडलेल्या सोन्यात कोणाचा किती वाटा, हे निघण्यापूर्वीच लिहून ठेवणे शहाणपणाचे.