डिग्री नसलेला इंजिनिअर

हॉस्टेलमध्ये कुणी गाव विचारलं आणि मी सूरजागड सांगितलं की पुढचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला नक्षलवाद्यांचा आणि दुसरा लोखंडाच्या खाणीचा. एटापल्ली तालुक्यातल्या त्या डोंगरावर दर जानेवारीत ठाकूरदेवाची यात्रा भरते, हे मात्र कुणाला माहीत नसतं. असो. आज मला आमच्या डोंगराबद्दल नाही, तर एका गाडीवेड्या माणसाबद्दल लिहायचंय. पण त्याची गोष्ट आमच्या जंगलातून सुरू होते, म्हणून आधी जरा तिकडे जाऊ या.

१८८२ साली जमशेटजी टाटांच्या हातात एका जर्मन तज्ज्ञाचा रिपोर्ट पडला. चांदा जिल्ह्यातल्या लोहारा इथे उत्तम प्रतीचं लोखंड आहे आणि जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं त्यात होतं. (तेव्हा आमचा गडचिरोली भाग चांदा जिल्ह्यातच होता.) जमशेटजींच्या डोक्यात पोलाद कारखान्याचं स्वप्न तिथून शिरलं. पण वरोऱ्याचा कोळसा कामाचा निघाला नाही आणि खाणींचे सरकारी नियमही जाचक होते. वीसेक वर्षांनी त्यांचे चिरंजीव दोराबजी, वेल्ड नावाच्या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञाला घेऊन पुन्हा चांद्याच्या जंगलात फिरले. तेव्हाही जमलं नाही. शेवटी कारखाना गेला जमशेदपूरला! आमचं लोखंड आणखी शंभर वर्षं डोंगरातच राहिलं.

मे १९०४ मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २९ जुलै १९०४ रोजी, पॅरिसमध्ये त्यांचे नात्यातले भाऊ आणि भागीदार आर. डी. टाटा यांना मुलगा झाला. हाच तो गाडीवेडा. जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जेआरडींची आई सुझान फ्रेंच. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं आणि ते वर्ष होतं १९०५. मेकॅनिकलच्या वर्गात मोजक्याच असणाऱ्या आम्हा मुलींना हे वाचून किती बरं वाटलं असेल, ते मुलांना कळणार नाही! जेआरडींचं लहानपण फ्रान्स, मुंबई, जपान आणि इंग्लंड असं विखुरलेलं गेलं. सुट्टीत हे कुटुंब फ्रान्सच्या समुद्रकिनारी हार्डेलो या गावी जायचं. १९०९ मध्ये इंग्लिश खाडी विमानाने पहिल्यांदा ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचं घर तिथेच होतं. वाळूवर विमानं उतरायची आणि हा मुलगा बघत उभा राहायचा. पंधराव्या वर्षी तो पहिल्यांदा विमानात बसला. इंजिनचा आवाज तेव्हा जो डोक्यात बसला तो कायमचा.

त्याला व्हायचं होतं इंजिनिअर. केंब्रिजला प्रवेश घ्यायचा म्हणून इंग्लंडमध्ये तयारीही सुरू झाली. मध्येच फ्रेंच नागरिक म्हणून वर्षभर सक्तीची लष्करी नोकरी करावी लागली. ती संपते न संपते तोच वडिलांनी १९२५ च्या अखेरीस भारतात बोलावून घेतलं आणि टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. १९२६ मध्ये वडीलही गेले. बावीस वर्षांचं वय, आई आधीच गेलेली, धाकटी भावंडं आणि डोक्यावर घराची जबाबदारी. केंब्रिज राहिलं ते राहिलंच. आपण विद्यापीठात शिकलो नाही ही खंत त्यांना पुढे आयुष्यभर होती. आपण इथे अटेंडन्सची रड लावतो, आणि ज्या माणसाने पुढे देशाची विमान कंपनी उभी केली त्याला आपल्या या बाकावर बसायला मिळालं नाही!

याच काळात जेआरडींकडे आली बुगाटी. तेव्हाच्या मुंबईत मोटारीच मोजक्या, त्यात ही बिनमडगार्डची, बिनहूडची रेसची गाडी. आपल्या पार्किंगमध्ये कुणी आरएक्स १०० लावली की आपण तिच्याभोवती गोळा होतो ना, त्याच्या शंभरपट समजा.

इथे थोडं टेक्निकल बोलू द्या, नाहीतर सर म्हणतील इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये काय नुसत्या गोष्टी! एत्तोर बुगाटी हा मूळचा मिलानचा माणूस. त्याचा कारखाना फ्रान्सच्या अल्सास भागात मोल्सहाइमला होता. १९२४ साली आलेलं त्याचं टाइप ३५ हे मॉडेल सगळ्यात गाजलं. दोन लिटरचं, एका ओळीत आठ सिलिंडरचं इंजिन. क्रँकशाफ्टला साध्या बेअरिंगऐवजी बॉल आणि रोलर बेअरिंग. चाकं ॲल्युमिनियमची ओतीव आणि ब्रेकचा ड्रम चाकातच. गाडी हलकी, म्हणून पळायला चपळ. मडगार्ड आणि हूड काढून टाकण्यामागेही हेच साधं गणित असतं. पॉवर वाढवता येत नसेल तर वजन कमी करा.

पण अशी गाडी घेणं सोपं आणि सांभाळणं महाकठीण. त्या इंजिनचं सिलिंडर हेड वेगळं निघत नसे, ते ब्लॉकसोबतच ओतलेलं. म्हणजे व्हॉल्व्ह घासायचे तर अख्खा ब्लॉक उचलायचा. ब्रेक हायड्रॉलिक नव्हते, केबलचे होते. चारही चाकं सारखी धरतील असा ताण हाताने जुळवायचा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढणार. तेलपाणी, ग्रीस, प्लग यांत जराही हयगय चालत नसे. थोडक्यात काय, तर अशा गाडीचा मालक नुसता पैसेवाला असून भागायचं नाही. तिचा आवाज बदलला तर कान टवकारले पाहिजेत. आजही जुनी येझदी किंवा जुनी जीप बाळगणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जुनी गाडी म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखी असते. रोज विचारपूस केली तर बरी राहते.

वेगापायी जेआरडी एकदा अडचणीतही आले. बुगाटी भरधाव चालवल्याच्या खटल्यात बाजू मांडायला ते जॅक विकाजी नावाच्या वकिलांकडे गेले आणि तिथे वकिलांची पुतणी थेल्मा भेटली. डिसेंबर १९३० मध्ये दोघांचं लग्न झालं. हॉस्टेलवर हा किस्सा सांगितला की सगळे टाळ्या पिटतात. मला मात्र त्यात दुसरीही बाजू दिसते. आमच्या आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर खनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून सायकलवरून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या आयांचा जीव संध्याकाळपर्यंत टांगणीला असतो. रस्ता एकट्याचा नसतो, ही गोष्ट आमच्याकडे कुणाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. जेआरडींच्या वेगाला योग्य जागा मिळाली ती आकाशात, हे त्यांचंही नशीब आणि मुंबईकरांचंही!

१० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचं लायसन्स मिळालं. भारतात दिलेलं ते पहिलंच, त्यावर नंबर होता १. त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखानांनी बक्षीस लावलं. भारत ते इंग्लंड किंवा उलट, एकट्याने विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून जिप्सी मॉथ घेऊन निघाले. समोरून इंग्लंडहून अस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा पोरगा येत होता. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींकडे जास्तीचे प्लग होते, त्यांनी ते काढून दिले. अस्पी उडाला आणि थोडक्या तासांच्या फरकाने शर्यत जिंकला. पुढे हाच अस्पी इंजिनिअर भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

या गोष्टीत सगळे जेआरडींचा मोठेपणा बघतात आणि तो आहेच. पण मला आधी दिसते ती त्यांची तयारी. प्लग होते म्हणून देता आले ना! निघण्यापूर्वी कुठली वस्तू वाटेत दगा देऊ शकते याचा विचार करून ती बरोबर घेणं, हे ज्याने बिनभरवशाचं मशीन सांभाळलंय त्यालाच सुचतं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी एकट्याने पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, अहमदाबादला उतरले आणि दुपारी मुंबईला जुहूच्या मैदानावर पोहोचले. अहमदाबादला पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून! रेडिओ नाही, वाट दाखवणारं कुठलंही यंत्र नाही. तिथून पुढे मद्रासपर्यंत टपाल नेलं त्यांचे मित्र नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. कंपनीची मालमत्ता म्हणजे दोन छोटी विमानं आणि जुहूला झावळ्यांनी शाकारलेली शेड. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर पाणी साचायचं, मग बाडबिस्तारा पुण्याला हलायचा. पण टपाल वेळेवर पोहोचायचं. पहिल्या वर्षात साधारण १ लाख ६० हजार मैल उड्डाण झालं. या वक्तशीरपणाचं श्रेय वैमानिकाइतकंच त्या शेडमध्ये पान्हे घेऊन बसलेल्या मेकॅनिकचं. त्यांची नावं कुठे येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पुढचं सगळं पाठ्यपुस्तकात असतं, म्हणून भराभर सांगते. १९३८ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४५ मध्ये टेल्को सुरू झाली, आधी रेल्वे इंजिनं आणि १९५४ पासून ट्रक. जून १९४८ मध्ये एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी जेआरडी बिनपगारी अध्यक्ष राहिले. प्रवासात ते साध्या प्रवाशासारखे बसत आणि विमानातल्या अस्वच्छतेपासून खुर्चीच्या बिघाडापर्यंत सगळं टिपून ठेवत. गाडी रोज पुसणाऱ्या माणसाची सवय, दुसरं काय! १९७८ मध्ये सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केलं. मनाला लागलं असणारच. (एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली ती जानेवारी २०२२ मध्ये, ते बघायला ते नव्हते.)

पण माझा सगळ्यात आवडता प्रसंग त्यानंतरचा आहे. १९८२ मध्ये पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमचा गडचिरोली जिल्हा चांद्यातून वेगळा झाला होता. १५ ऑक्टोबरला ७८ वर्षांचे जेआरडी लेपर्ड मॉथ नावाच्या, १९३० च्या दशकातल्या विमानात बसले आणि कराची ते मुंबई तोच मार्ग पुन्हा एकट्याने उडाले! लाकूड आणि कापड यांचं बनलेलं एका इंजिनचं विमान. म्हातारा माणूस, म्हातारं मशीन आणि खाली समुद्र. हे धाडस वाटतं, पण निव्वळ धाडस नव्हे. कुणीतरी ते विमान इतकी वर्षं उघडून, पुसून, जोडून ठेवलं होतं. आणि पायलटनेही स्वतःला तसंच ठेवलं होतं.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात ते गेले आणि पॅरिसला, जिथे जन्मले तिथेच, विसावले.

मित्रमैत्रिणींनो, आमच्या भागात आज जिकडे बघावं तिकडे ट्रक. २०१६ च्या डिसेंबरात सूरजागडला सत्तरहून जास्त गाड्या एका दिवसात जाळल्या गेल्या. मग काही वर्षांनी खाण पुन्हा जोरात सुरू झाली. ती हवी की नको यावर घराघरात वाद आहेत आणि दोन्ही बाजूंना आमचीच माणसं आहेत. पण एक गोष्ट मला टोचते. डोंगर आमचा, गाड्या बाहेरच्या आणि त्या दुरुस्त करणारे हातही बरेचसे बाहेरचे. आमच्या पोरांच्या वाट्याला बहुधा त्या धुण्याचं नाहीतर राखण्याचं काम येतं. मशीन विकत घेता येतं, नाहीतर जाळता येतं. ते उघडून समजून घेणारा माणूस मात्र तयारच करावा लागतो.

जेआरडींना डिग्री मिळाली नाही, पण ते मरेपर्यंत इंजिनिअरसारखे वागले. आपल्याला डिग्री मिळणार आहे, बहुतेक! मग येत्या सुट्टीत घरची बंद पडलेली लुना, मोटारपंप, काय असेल ते एकदा उघडून बघा. मी माझ्या मामांच्या जुन्या जीपचा कार्ब्युरेटर उघडणार आहे. मामांना अजून सांगितलेलं नाही.