वारल्यांना न्यायाची वाट दाखविणाऱ्या गोदावरी परुळेकर

कायद्याची पदवी घेऊनही न्यायालयाऐवजी आदिवासी पाड्यांना आपले कार्यक्षेत्र मानणाऱ्या गोदावरी परुळेकर यांचा जन्म १९०७ मध्ये पुण्यात झाला. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा पदवीधरांमध्ये त्यांची गणना होते. भारत सेवक समाजाच्या कार्यानंतर पती शामराव यांच्यासह त्या कम्युनिस्ट पक्षात व किसान सभेत दाखल झाल्या.

तत्कालीन ठाणे जिल्ह्यात वारली समाज जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचत होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पती-पत्नी सावकाराकडे आयुष्यभर राबत; त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. कागदावरचा कायदा त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. पोलीस ठाण्यातही जमीनदाराचाच शब्द चाले.

मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातील झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली आणि रोज १२ आणे रोख मजुरीची मागणी केली. त्यानंतर गोदावरीबाई गावोगावी फिरल्या आणि लग्नगडी मुक्त होऊ लागले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे त्यांच्या रक्षणासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा बळी गेला. परुळेकर दाम्पत्यालाच जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरीही वारल्यांनी लढा सोडला नाही.

या लढ्यावरील ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकास १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. तलवाड्याच्या स्मृतिदिनास दोन दिवस उरले असताना, ८ ऑक्टोबर १९९६ रोजी, गोदावरीबाईंचे निधन झाले.