अहवालापाशी न थांबलेले डॉ. खानोलकर

तोंडातली जखम बरेच दिवस भरत नसेल, तर डॉक्टर तिचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. फॉर्मॅलिनच्या बाटलीतून तो मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजी विभागात पोहोचतो. तिथे तो मेणात बसवतात, त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कर्करोग आहे की नाही ते कळवतात. रुग्णाला त्या कागदावरून पुढच्या उपचारांची दिशा मिळते. विभागाच्या दृष्टीने मात्र अहवालावर सही झाली की काम संपते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे खरे काम त्या सहीनंतर सुरू होत असे. भारतातल्या वैद्यकीय संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते, ते याच कारणाने.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी क्वेट्टा येथे झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजीतली एम.डी. ही पदवी मिळवली. मायदेशी परतल्यावर त्यांनी मुंबईत आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट कॉलेजात वरच्या जागांवर दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांचेच वर्चस्व होते. परळचे कॉलेज १९२६ साली निघाले, तेव्हा देणगीदारांनी अटच घातली होती की इथले अध्यापक भारतीय असावेत. भारतीय डॉक्टरला स्वतःच्या हिमतीवर विभाग उभा करता येईल, अशी ती जागा होती.

त्या काळी संशोधन आणि वैद्यकीय शिक्षण यांची घरे वेगळी होती. लसी, प्लेग, सर्पविष यांवरचे संशोधन हाफकिनसारख्या संस्थांत चाले. मेडिकल कॉलेजांनी डॉक्टर तयार करावेत आणि त्यांच्या रुग्णालयांनी रुग्ण बरे करावेत, एवढीच अपेक्षा होती. पॅथॉलॉजीच्या प्राध्यापकाने शवविच्छेदन करावे, विद्यार्थ्यांना बरण्यांतले अवयव दाखवावेत आणि अहवाल द्यावेत. खानोलकरांनी हे सगळे केले. पण ज्या रुग्णालयात रोज शेकडो माणसे येतात, तिथेच संशोधनाचा कच्चा माल पडलेला आहे, हेही त्यांनी ओळखले होते.

या विचाराला मोठे मैदान मिळाले ते टाटा मेमोरियल रुग्णालयात. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या आणि पुढच्या वर्षी दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळलाच, केईएम रुग्णालयाच्या शेजारी, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उघडले. तिथल्या प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार, भारतीयांना तो क्वचितच होतो, असा समज तेव्हा बराच पसरलेला होता. खरे तर आपल्याकडे कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचणारेच कमी होते आणि जे पोहोचत, त्यांतले बहुतेक निदानाविनाच जात. आता निदान होऊ लागल्यावर रुग्ण दिसू लागले.

१९४४ मध्ये खानोलकरांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १००० रुग्णांचा आढावा अमेरिकेतल्या कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. यातला ‘लागोपाठच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निवडक, चमत्कारिक रुग्ण गोळा करून लेख लिहिणे सोपे असते. पण त्यातून समाजात काय चालले आहे ते कळत नाही. जो येईल तो मोजायचा, कोणाला वगळायचे नाही, प्रत्येकाची नोंद सारख्याच पद्धतीने करायची, ही शिस्त कंटाळवाणी असते आणि तीच संशोधनाचा कणा असते.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, सहकारी सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लिहिलेला लेख आजही सांगितला जातो. माणसाच्या सवयींशी जोडलेले कर्करोगाचे तीन प्रकार त्यात मांडले होते. पहिला खैनीचा. तंबाखू आणि चुना मळून खालच्या ओठामागच्या खाचेत धरून ठेवणाऱ्यांना कर्करोग नेमका त्या खाचेतच होत होता. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनारपट्टीवर जाडजूड चुट्टा ओढताना त्याचे जळते टोक तोंडात ठेवण्याची रीत होती, विशेषतः बायकांत. तिथे कर्करोग टाळूला होत होता. तिसरा धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळलेल्या धोतराचा काच, घाम आणि घर्षण यांनी कातडी आधी काळवंडते वा पांढुरकी पडते, जाड होते, मग चिरते. ती जखम भरत नाही आणि काहींत तिचाच पुढे कर्करोग होतो.

या तिन्ही निष्कर्षांना महागडे यंत्र लागले नव्हते. लागला तो सूक्ष्मदर्शक, जो प्रत्येक कॉलेजात होता, आणि रुग्णाला विचारलेले काही साधे प्रश्न: तू कुठला, काय खातोस, कुठे ठेवतोस, किती वर्षे, धोतर कसे नेसतोस. काचपट्टीवर तिन्ही कर्करोग जवळपास सारखेच दिसतात. फरक रुग्णाच्या सांगण्यात होता आणि तो ऐकल्यामुळेच कारण सापडले.

शिरूर-दौंड भागात हे उदाहरण ताडून पाहता येते. न्हावरे परिसरात उसाच्या फडात राबणाऱ्या पुरुषांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते. बायकांत, विशेषतः थोरल्या पिढीत, भाजलेल्या तंबाखूची मशेरी लावण्याची सवय आहे. अनेकींना ती व्यसन वाटतच नाही, दात घासणे वाटते. म्हणून तंबाखू खाता का, असे विचारले की उत्तर नाही असे येते. मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा, कोणत्या बाजूला, हे वेगळे विचारावे लागते. तुकड्यासोबत पाठवायच्या कागदावर सवयीचा रकाना असतो; तो एका शब्दात भरला किंवा कोरा सोडला, तर खानोलकरांनी उघडलेली वाट तिथेच बंद होते.

सवयींपाठोपाठ त्यांचे लक्ष माणसामाणसांतल्या जन्मजात फरकांकडे गेले. मुंबईत वेगवेगळ्या समाजांचे लोक शेजारी राहतात, पण लग्ने आपापल्या समाजात करतात. त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण आणि प्रकारही वेगळे दिसत होते. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा. हा फरक सवयींचा की रक्तातला? उत्तराच्या शोधात डॉ. एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या सहा समाजगटांतली रक्तगटासह सात आनुवंशिक लक्षणे तपासून १९४९ मध्ये प्रसिद्ध केली. भारतातल्या मानवी जनुकशास्त्राच्या सुरुवातीच्या कामांत ते मोडते. परळच्या त्याच परिसरात, सेठ गोर्धनदास कॉलेजात, डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना १९५२ मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट सापडला, तोही नेहमीच्या रक्ततपासणीत न जुळणाऱ्या नमुन्यांचा पाठपुरावा केल्यामुळे.

एकट्याच्या हुशारीवर संशोधन फार काळ चालत नाही, त्याला संस्था लागते. १९५२ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन केले आणि खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तिथे त्यांनी केवळ डॉक्टरांना घेतले नाही. पुण्याच्या कमल रणदिवे यांचे शिक्षण वनस्पतिशास्त्रातले, पेशींच्या अभ्यासातले. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम केले आणि परत येऊन याच केंद्रात शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, म्हणजे टिश्यू कल्चरची, देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली. पुढे त्यांनी या केंद्राचे संचालकपदही सांभाळले. वैद्यकीय प्रश्नावर वनस्पतिशास्त्राची पदवीधर काम करू शकते, हे तेव्हा सर्वांना पटण्यासारखे नव्हते. बाहेर पाठवलेला माणूस परत यावा, तर त्याच्यासाठी इथे काम करण्याजोगी जागा हवी; ती त्यांनी आधीच तयार केली होती.

कुष्ठरोगातही त्यांनी मोलाचे काम केले. रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे काप तपासताना त्यांनी कातडीतल्या बारीक मज्जातंतूंवर लक्ष केंद्रित केले आणि जंतूंचा तिथला शिरकाव दाखवला. बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे महत्त्वाचे लक्षण का, याचा उलगडा यातून होतो. १९५८ मध्ये केंद्रातल्या चमूने कुष्ठरुग्णांच्या ऊतींतून एक जंतू वाढवला आणि संस्थेच्या नावावरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव मिळाले. पुढे त्यापासून लसही तयार करून पाहण्यात आली. मात्र तो कुष्ठरोगाचाच जंतू, हा दावा सर्वमान्य झाला नाही. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात आजही वाढवता आलेला नाही. चांगल्या प्रयोगशाळेतूनही वादग्रस्त निष्कर्ष निघतात. ते उघडपणे मांडले गेले, म्हणूनच इतरांना तपासता आले.

१९५५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. जागतिक कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले, अणुकिरणोत्साराच्या दुष्परिणामांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताची बाजू सांभाळली आणि वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणूनही काम केले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे केंद्र १९६६ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाशी जोडले गेले; आज खारघरला त्याचा विस्तार उभा आहे.

आज राज्यात मेडिकल कॉलेजांची संख्या झपाट्याने वाढते आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो, अध्यापकाला बढतीसाठी शोधनिबंध लागतात. कागद वाढले, पण त्यातले किती रुग्णांच्या जगण्यातून आलेल्या प्रश्नांवर असतात? नवी इमारत आणि नवे यंत्र यांना पैसा मिळतो. नोंदी नीट ठेवणारा कारकून, जुन्या काचपट्ट्या सांभाळणारा तंत्रज्ञ आणि सवयीचा रकाना भरायला लागणारी दहा मिनिटे मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात नसतात. खानोलकरांचे तीन कर्करोग या दुर्लक्षित गोष्टींतूनच सापडले होते.

आणि ते प्रश्न संपलेलेही नाहीत. धोतराच्या कर्करोगानंतर जवळजवळ ऐंशी वर्षांनी, २०२४ मध्ये, वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वयस्कर स्त्रियांची हकिकत ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केली. एकीला परकराच्या नाडीचा काच होता, दुसरीने चाळीस वर्षे कमरेला घट्ट आवळून लुगडे नेसले होते. दोघींच्या कमरेवरच्या जखमेचा कर्करोग झाला होता आणि दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता. असे क्वचितच होते, घाबरण्याचे कारण नाही. पण नाडी सैल बांधावी, तिची जागा अधूनमधून बदलावी, कमरेवर काळा किंवा पांढुरका पट्टा पडून कातडी चिरत असेल तर दाखवावे. तोंडातली किंवा कमरेवरची जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलत बसू नये. जवळच्या सरकारी रुग्णालयात जावे. आणि तिथे डॉक्टरांनी विचारले नाही, तरी आपण मशेरी किती वर्षे आणि कुठल्या बाजूला लावतो, हे आपणहून सांगावे.